फोनवरचा करकोचा

एक मार्चच्या सकाळी नेवेनाच्या डोक्यात आकाशातून एक हातमोजा पडला.

चांगला जाडजूड, अस्वलाच्या पंजाएवढा. धड पाऊस नाही, धड बर्फ नाही असं काहीतरी वरून भुरभुरत होतं आणि ही मुलगी फोनमध्ये मान खुपसून चालली होती. हातमोजा डोक्यात, फोन दगडी फरशीवर. काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला.

"आई गं!"

"लागलं का हो?" विजेच्या खांबावरून कुणीतरी विचारलं.

"मला नाही, फोनला लागलं!"

"हुश्श... मग हरकत नाही."

नेवेनानं वर बघितलं. कमरेला पट्टा बांधून खांबाला रेललेला एक तरुण तिच्याकडे बघून चक्क हसत होता.

"हरकत नाही? खाली या, मग सांगते काय हरकत आहे ती!"

आणि तो खरंच खाली आला. उंच होता, थंडीनं कान लाल झाले होते, आणि एकाच हातात हातमोजा होता.

"इथे 'काम चालू आहे' अशी पाटी लावली होती," तो म्हणाला. "तुम्ही तिला वळसा घालून आलात. ओठही हलत होते तुमचे. मला वाटलं, पाटीशी बोलताय."

"मोजत होते मी."

"काय?"

"बदाम," ती बोलून गेली आणि मग तिलाच लाज वाटली. फोनवरच्या तिच्या पानाला रात्रीत पसंतीचे किती लाल बदाम आले ते मोजत चालली होती, हे भर रस्त्यात अनोळखी माणसाला काय सांगायचं?

तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या मनगटाकडे गेलं. एक मार्चला प्लोव्दिव्ह शहरात कुणाचं मनगट मोकळं नसतं. लाल-पांढऱ्या दोऱ्याची मार्तेनित्सा प्रत्येकाच्या हाताला असते, लाडक्या मुलींच्या हाताला तर कोपरापर्यंत. ती स्वतः आणून स्वतःला बांधत नाहीत, दुसऱ्यानं बांधावी लागते. एकदा बांधली की वसंतातला पहिला करकोचा दिसेपर्यंत सोडायची नाही, आणि सोडली की फुललेल्या झाडाला अडकवायची. म्हणून त्या दिवशी मोकळं मनगट दिसलं, की विचारल्यावाचून राहवत नाही.

"तुम्हाला कुणी बांधली नाही?"

"आई पाठवायची," तो तारांकडे बघत म्हणाला. "या वर्षी... नाही आली."

नेवेनाच्या पर्समध्ये गिऱ्हाइकांना द्यायला दोऱ्यांची जुडी होती. तिनं एक काढला. "आणा इकडे हात."

हात ही तिची रोजची गोष्ट. दोन्काताईंच्या सलूनमध्ये ती नखं रंगवायची, दिवसभर कुणा ना कुणाचा हात तिच्या हातात असायचा. पण त्या गारठ्यात हा हात असा ऊबदार लागला की गाठ मारायला तिनं उगाचच वेळ लावला. बोटं जाड, नखांत काळं तेल, अंगठ्याखाली चंद्रकोरीसारखा जुना चट्टा. त्याचे कान आणखी लाल झाले.

"थांबा, हलू नका..." तिनं तडकलेला फोन उचलून फोटो काढला. "माझ्या पानावर टाकते. हातांचंच पान आहे माझं."

"अहो, नखं बघा की माझी!"

"तेच तर!" ती म्हणाली आणि हसत निघाली. वळणावर तिनं एकदा मागे पाहिलं. तो खांबावर चढायचं विसरून तिथेच उभा होता.

त्याचं नाव यावोर. हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी तो पत्ता विचारत, चीज भरलेल्या गरम बानित्साचा पुडा घेऊन सलूनच्या दारात उभा राहिला आणि दहा बायकांच्या देखत त्यानं विचारलं, "फोनची तब्येत कशी आहे?"

फोनची तब्येत झकास होती, बिघडली होती ती नेवेनाची. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली व्हिएन्नाला, बर्लिनला निघून गेल्या होत्या. सकाळी डोळे उघडायच्या आत त्यांची आयुष्यं तिच्या उशीवर हजर. कुणाचा समुद्र, कुणाची अंगठी, कुणाचं बाळ. आपण मात्र इथेच, दुसऱ्यांची नखं रंगवत... बघून तिला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की ती आणखी बघायची. झोप उडाली होती, छातीत उगाच धडधडायचं. आपल्या पानावर बदाम आले की घटकाभर बरं वाटायचं. ते ओसरले की आधीपेक्षा जास्त रितं.

आणि आता यावोरच्या हातानं कमाल केली होती. एवढे बदाम तिच्या पानानं कधी पाहिलेच नव्हते! 'हा कुणाचा हात?' 'अगं, चेहरा दाखव ना!' रोज नवा प्रश्न. मग रोज नवा फोटो आलाच. यावोरचा हात आणि बानित्सा, यावोरचा हात आणि छत्री, यावोरचा हात आणि मारित्सा नदीवरचा पूल. अहो-जाहो केव्हाच गळून पडलं. ती खांबाखाली उभी राहून हाक मारायची, "ए खांबावरच्या, खाली ये, उजेड चांगला आहे!" आणि तो उतरायचा.

"चेहरा मात्र नको हं," तो म्हणायचा.

"का रे? एवढा काही वाईट नाहीये."

एकदा पुलावर त्यानं कारण सांगितलं. त्याची आई पावलिना तो शाळेत असल्यापासून स्पेनमध्ये, वालेन्सियाला, दुसऱ्या कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईबापांची सेवा करत होती. "चेहरा बघायचा तो फोनवर. पण तिथे तिचे डोळे माझ्या डोळ्यांत येतच नाहीत गं. ती माझ्याकडे बघत असते आणि मला ती खाली बघताना दिसते. नाताळला येते म्हणाली होती. पुन्हा नाही आली. मी फोन बंद केला... त्यानंतर उचलला नाही."

"अजूनही?"

"काय बोलू उचलून?"

वारा सुटला होता. नेवेनानं त्याच्या खिशात आपला हात सरकवला. त्या क्षणाचा मात्र तिनं फोटो काढला नाही. सुचलंच नाही तिला.

आणि मग एका संध्याकाळी पहिल्याच फोटोखाली कुणीतरी लिहिलं, 'नखांवाल्या पोरीला प्रियकरही भाड्यानं आणावा लागला वाटतं!'

बस्स, एवढंच. कोण होता कोण जाणे, नाव नाही, चेहरा नाही. खाली शेकड्यांनी गोड बोललेले होते. पण नेवेना ती एकच ओळ वाचत बसली. जेवताना, बसमध्ये, गिऱ्हाइकाचा हात हातात धरून. दोन दिवसांत तिचे डोळे खोल गेले. यावोरनं विचारलं तेव्हा तिनं ओळ दाखवली आणि तिला रडूच फुटलं.

"खरं सांग, भाड्यानं आणलंय का रे मी तुला?"

"भाडं कुठे दिलंस?" तो म्हणाला. ती हसली नाही, तेव्हा तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "नेवेना, एक सांगू? तू मला खालून हाक मारतेस ना, तेव्हा मला कळतच नाही, तुला मी हवाय की माझा हात."

तिला तरी कुठे कळत होतं?

"करकोचा येईपर्यंत ते पान बंद ठेव," तो म्हणाला. "फुललेलं झाड बघूनही सोडतात लोक मार्तेनित्सा, पण आपण करकोच्याचीच वाट बघू. दिसला की दोन्काताईंनी तुला बांधलेला हा दोरा सोड आणि उघड पान. तोपर्यंत तुला कळेल."

"काय कळेल?"

"ते... तेच," तो म्हणाला, आणि कान लाल.

ते दिवस सोपे नव्हते. अंगठा आपोआप फोनकडे जायचा. ती चिडायची, दोन्काताईंवर उगाच खेकसायची. पण हळूहळू झोप परतली. रविवारी यावोर तिला आपल्या गावी न्यायला लागला. तिथे त्याच्या आईच्या कुलूपबंद घरापुढे एक खांब होता. वर्षानुवर्षं त्यावर करकोच्यांचं घरटं होतं, ते हिवाळ्याच्या वाऱ्यानं खाली आलं. यावोरनं तिथे लोखंडी पाट ठोकून वर काटक्या रचल्या होत्या.

"येतील?" ती मान वर करून विचारायची.

"येतील गं. घर ओळखतात ते."

दोघं पायरीवर खांद्याला खांदा लावून आकाशाकडे बघत बसायची. ओल्या मातीचा वास यायचा, दूर कुणीतरी वेलींच्या काड्या जाळत असायचं. तो बोलायचा थांबला की तिला त्याचा श्वास ऐकू यायचा. हे सगळं कुणालाच दाखवायचं नाहीये, हे आठवून तिला आधी चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. नंतर नंतर आवडायला लागलं.

आणि नेमकं तेव्हाच, मार्च सरत आला असताना, सलूनमधल्या एका गिऱ्हाइकानं फोन उंच धरला. "अगं बायांनो, आला! बघा, समुद्राकडे आला करकोचा!"

सगळ्या धावल्या. फोनच्या काचेत पांढरा करकोचा एका धुराड्यावर उभा राहून चोच वाजवत होता.

"चला, सोडा दोरे," ते गिऱ्हाईक म्हणालं.

"काहीतरीच!" दोन्काताई गरजल्या. "फोनवरचा करकोचा धरतात होय? उद्या फोनवरचा नवरा धराल!"

"माझा नवरा फोनवरच बरा वाटतो, ताई."

हशा पिकला. नेवेना मात्र हसत नव्हती. तिचा अंगठा वळवळायला लागला होता. दिसला म्हणजे दिसला ना? करकोचाच आहे, कोंबडी थोडीच आहे? आपण स्वतःशी लबाडी करतोय हे तिला पुरतं कळत होतं. तरी ती मागच्या अंगणात गेली, फुललेल्या आलुबुखाराच्या झाडाखाली उभं राहून तिनं मनगटावरचा तो दोरा सोडला, कसाबसा फांदीला अडकवला आणि पान उघडलं.

बदाम बघायला नाही. ती सरळ त्या ओळीकडेच गेली. होती. तिथेच होती. आणि तिच्या खाली, अगदी चिकटून, दुसरी एक होती.

'हा हात माझ्या यावोरचा आहे. अंगठ्याखालचा चट्टा माझ्या भट्टीच्या दाराचा, लहानपणी भाजला होता. पोरी, तू कोण गं? मी पाठवलेली मार्तेनित्सा त्यानं घेतली नाही, परत आली. तू बांधलीस, तुझं भलं होवो. त्याला म्हणावं, हातमोजे घालत जा. पावलिना.'

नेवेना झाडाखाली बसून राहिली. वरची ओळ तिला पाठ होती. खालची इतके दिवस तिथेच होती, आणि तिनं एकदाही वाचली नव्हती.

न सांगता आलं असतं. पान पुन्हा बंद करून, दोरा हरवला म्हणून थाप मारता आली असती. तिच्या मनात आलंही ते. पण दुपारी ती यावोरच्या खांबाखाली जाऊन उभी राहिली. हाक मारली नाही. त्यानंच खाली पाहिलं, आणि त्याला तिचं मनगट दिसलं.

"दिसला? कुठे?"

"फोनवर," ती म्हणाली.

तो उतरला.

"मला माहीत आहे ते खरं नाही धरत," ती घाईनं म्हणाली. "मला पान उघडायचं होतं म्हणून मी... यावोर, तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण आधी हे वाच."

त्यानं वाचलं. तडकलेल्या काचेवर अंगठा ठेवून पुन्हा एकदा वाचलं.

"माझ्या आईला," तो शेवटी म्हणाला, "पोराचा पत्ता हजार माणसांच्या गर्दीत विचारावा लागला. आणि तिला कुणी उत्तरही दिलं नाही."

"मी वाचलंच नव्हतं, शपथ—"

"तुला नाही बोलत गं मी. स्वतःला बोलतोय. आली होती तिची मार्तेनित्सा, मीच परत धाडली." त्यानं फोन तिच्या हातात दिला. "पण तूही... थोडी कळ काढली असतीस." आणि तो पुन्हा खांबावर चढला.

मग तो दिसेना. त्या रस्त्यावर नाही, पुलावर नाही. पान आता उघडंच होतं, पण नेवेना तिकडे फिरकली नाही. तिथे शोधण्यासारखं काय होतं? यावोरच्या हाताचे पंधरा फोटो होते, आणि त्यातला एकही ऊबदार नव्हता. तिला तो हवा होता. 'हरकत नाही' म्हणणारा, लाल कानांचा, अख्खा. हे तिला आता कळलं होतं, आणि सांगायला तो नव्हता. सलूनचं दार वाजलं की तिचा जीव वर यायचा, आणि आत एखादी जाडजूड बाई आली की खाली जायचा.

एका सकाळी दार वाजलं आणि दोन्काताईंनी हाक मारली, "नेवेना, तुझं गिऱ्हाईक!"

तो येऊन तिच्या टेबलासमोर बसला. दोन्ही हात पुढे ठेवले.

"नखं नीट करून द्या. आईकडे चाललोय."

अख्ख्या सलूनचे कान तिकडे लागले. नेवेनानं कोमट पाण्याचं भांडं पुढे ओढलं. एकेक बोट धुतलं, एकेक नखातलं तेल काढलं. मार्तेनित्सा अजून त्याच्या मनगटावर होती, मळून गुलाबी झालेली.

"बोललास?" तिनं मान वर न करता विचारलं.

"त्याच संध्याकाळी बोललो. दोघं रडतच होतो, बोललो कुठे? आता तिच्यासमोर बसून बोलणार आहे. डोळ्यांत बघून."

"किती दिवस?"

"माहीत नाही. ती येते म्हणाली, तर घेऊन येईन."

"तिकडे करकोचे बारा महिने असतात म्हणे," ती नख घासत म्हणाली. "पहिल्या दिवशीच दोरा सोडशील."

"तिथले मी धरणार नाही. माझा तो आईच्या खांबावरचा." मग हळूच, फक्त तिला ऐकू जाईल असं, "तुला कळलं का गं? ते... तेच?"

"कळलं."

"काय?"

"आल्यावर सांगेन. फोनवर नाही सांगणार." आणि तिचे डोळे भरून आले, त्याच्या स्वच्छ नखावर एक थेंब पडला. दोन्काताईंनी घाईघाईनं केस वाळवायचं यंत्र सुरू केलं, जणू काही घडलंच नव्हतं.

तो गेला. रविवार आला की नेवेना एकटीच बसनं त्याच्या गावी जायची आणि पायरीवर बसायची. आलुबुखाराचा बहर गळून गेला, कोवळी पानं आली. यावोर फोन करायचा, पण नुसत्या आवाजाचा. आई कशी आहे, संत्र्यांच्या फुलांचा वास कसा आहे, सांगायचा. शेवटी एकच प्रश्न, "आला का गं?"

"नाही अजून."

आणि एका रविवारी तो आला. आधी सावली अंगणातून सरकली. मग मोठे पंख पसरून, पाय लोंबते सोडून करकोचा लोखंडी पाटावर उतरला, यावोरनं रचलेली एक काटकी त्यानं नापसंतीनं उचलून खाली टाकली आणि मान मागे टाकून चोच वाजवली. नेवेनाचा हात खिशात गेला. फोन हाताला लागला. तिनं तो आतच राहू दिला आणि मान दुखेपर्यंत बघत राहिली. आनंदानं तिला रडू येत होतं, आणि शेजारची जागा रिकामी होती.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "आला का?"

"तू ये," ती म्हणाली. "येऊन बघ."

तो हसला. त्याला कळलं होतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी त्या घराचं कुलूप निघालं. पावलिनाबाईंनी दारं-खिडक्या उघडल्या, नेवेनाला जवळ घेऊन तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि "किती वाळलीस गं पोरी," म्हणत भट्टी पेटवायला गेल्या. पहिल्या भेटीत!

यावोर खांबाखाली उभा होता. वर आता दोन करकोचे होते. त्यानं डोळे भरून पाहिलं, मग आपला विटलेला दोरा सोडून कुंपणातल्या नाशपातीच्या फुलांना बांधला.

"आता सांग," तो म्हणाला. "काय कळलं?"

"तूच," ती म्हणाली. "हात असला तर असला, नसला तर नसला. मला तू हवायस. पाटीला वळसा घालून आले त्या दिवसापासून."

त्याचे कान पेटले. त्यानं खिशातून लाल-पांढरा नवाकोरा दोरा काढला. "आईनं वळलाय. तुझ्यासाठी."

"अरे वेड्या, एप्रिल आहे! लोक हसतील."

"हसू देत. आण इकडे हात."

त्यानं गाठ मारायला उगाचच वेळ लावला. वर करकोचे चोची वाजवत होते, आत भट्टीत बानित्सा खरपूस होत होती. नेवेनानं मनगट वळवून पाहिलं.

"पण करकोचा तर दिसूनसुद्धा झाला," ती म्हणाली. "मग हा मी सोडायचा कधी?"

"हा नाही सोडायचा," यावोर म्हणाला.